कमाई मुलाची, नामंजुरी आईची

श्रावणबाळ योजनेचा अर्ज करायचा आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही, तर घराचं वर्षाचं उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत दाखवावं लागतं. महिन्याला 1,750 रुपये, दिवसाला 58 सुद्धा नाहीत. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 297 रुपये होती. घरातल्या एका माणसाने सरकारच्याच कामावर 71 दिवस माती उचलली की 21,087 रुपये होतात, आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या टेबलावर त्याची पासष्टी ओलांडलेली आई अपात्र ठरते. कायद्याने मात्र त्याला त्या साली शंभर दिवसांच्या कामाची हमी दिलेली होती.

मर्यादा हास्यास्पद आहे, हे कुणीही सांगेल. ती वाढवा, अशी मागणी दर निवडणुकीत होते आणि संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी ती 50,000 केलीही गेली. पण आकडा वाढवून न सुटणारा एक प्रश्न त्याखाली दबून राहतो. हे उत्पन्न कुणाचं धरायचं? अर्ज आईचा, वय आईचं, भूक आईची आणि कमाई मोजायची मुलाची. ती कमाई आईपर्यंत पोहोचते की नाही हे कोण पाहतं?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न दर वर्षी दसऱ्यानंतर उघडा पडतो. शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या बालाघाटाच्या पट्ट्यातून कोयते बाहेर पडतात. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि हद्द ओलांडून बेळगाव, बागलकोटपर्यंत टोळ्या जातात. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या स्वाधीन केलेली नातवंडं. निराधार आणि श्रावणबाळच्या अर्जांची चौकशी नेमकी या माणसांची व्हायची असते. ती कशी होते, हे डोंगरपट्ट्यात वावरणाऱ्याला नवीन नाही.

"मावशे, पोरं किती?"

"दोन हायेत."

"काय करतेत?"

"कारखान्याला गेलेत."

"उचल किती घेतली औंदा?"

"मला काय ठाऊक? मुकादमाला अन् त्याला माहीत."

"लाख-सव्वालाख तर घेतलीच असंल की."

मावशी यावर बोलत नाही. अहवालात ओळ पडते: अर्जदारास दोन सज्ञान कमावते मुलगे आहेत. तेवढ्यावर प्रकरण निकाली. चौकशी करणाऱ्याला दुष्ट म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात नियम आहे, वर उद्दिष्ट आहे, आणि त्या मुलांनी घरी किती पैसे पाठवले हा रकानाच त्याच्या कागदावर नाही.

आता त्या उचलीकडे, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मुकादमाने आगाऊ दिलेल्या पैशाकडे, जरा पाहू. गावच्या नजरेला उचल म्हणजे एकरकमी आलेला पैसा. दसऱ्याच्या आधी हातात लाखभर येतात, त्यातून पोरीचं लग्न उरकतं, दवाखान्याची बाकी फिटते, पत्र्याचं घर उभं राहतं. पण ती मिळकत नाही, ते कर्ज आहे आणि अंगमेहनतीने फेडायचं आहे. पहाटे फडात उतरायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, आणि तोडलेल्या प्रत्येक टनाचे पैसे आधी उचलीत वळते व्हायचे. पाऊस लांबला, ऊस कमी पडला, बायको आजारी पडली, तर हंगाम संपताना अंगावर बाकी राहते आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीत चढते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, मुकादमाचं कमिशन 19 वरून 20 टक्क्यांवर गेलं. वाढ मोठी होती, पण हिशेबाची पद्धत तीच राहिली. बँकेतून घर बांधायला कर्ज घेणाऱ्याच्या उत्पन्नात त्या कर्जाची रक्कम कुणी धरत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र म्हातारीच्या चौकशीत पोराची श्रीमंती होऊन बसते.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांना या प्रश्नाची दुसरी बाजू चांगली ठाऊक आहे. पुण्याचे किंवा संभाजीनगरचे आई-वडील मुलाकडे अमेरिकेत कायमचे जायचे म्हटले की मुलाला स्पॉन्सर व्हावं लागतं. 1996 च्या कायद्यांनंतर त्याला एका हमीपत्रावर सही करावी लागते, आणि तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न आपल्याला आहे, हे दाखवावं लागतं. आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळालं तरी पहिली पाच वर्षं बहुतेक केंद्रीय मदतीचं दार बंदच असतं. त्यानंतरही अन्नमदत किंवा वृद्धांचा निर्वाहभत्ता मागायला गेलं, तर बऱ्याच योजनांत स्पॉन्सर मुलाचं आणि त्याच्या बायकोचं उत्पन्न आई-वडिलांचंच आहे असं धरून पात्रता ठरते. मुलगा खरोखर काही देतो का, हे सहसा विचारलं जात नाही. हे ओझं आई-वडील नागरिक होईपर्यंत किंवा कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे सुमारे दहा वर्षं, भरेपर्यंत सुटत नाही. सत्तरीच्या माणसाने दहा वर्षं काम करावं, ही अपेक्षा त्या कायद्यालाच शोभते.

कठोर व्यवस्था आहे, आणि तिचं कौतुक मी करणार नाही. तरीही तिच्यात तीन गोष्टी आहेत, ज्या बीडच्या मावशीच्या वाट्याला येत नाहीत. एक, मुलाने सही केलेली असते. आपल्यावर काय येणार हे त्याला आधी कळतं, आणि नको असेल तर तो मागे फिरू शकतो. दुसरं, त्या सहीला कोर्टात किंमत आहे. वचन मोडलं तर आई स्वतः मुलावर दावा लावू शकते, आणि ज्या खात्याने मदत दिली तेही स्पॉन्सरकडे परतफेड मागू शकतं. वसुली प्रत्यक्षात कमीच होते, पण कागद आहे. तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. अन्न आणि निवारा मिळेनासा झाला, असं खात्याला पटलं, तर बारा महिन्यांपुरती सवलत मिळते, आणि त्या काळात स्पॉन्सरने प्रत्यक्ष जेवढं दिलं तेवढंच उत्पन्न धरलं जातं. म्हणजे ज्या देशाने कागदावरच्या नात्याला पैसा मानलं, त्यानेही उपाशी माणसासमोर हातात पडलेला पैसा मोजायची सोय ठेवली.

कॅनडाने याहून सरळ रस्ता धरला. तिथे आई-वडिलांना बोलावणाऱ्या मुलाची हमी वीस वर्षांची असते, क्वेबेक प्रांतात दहा वर्षांची. त्या मुदतीत आई-वडिलांनी सरकारी मदत घेतली तर ती रक्कम मुलाच्या नावे कर्ज म्हणून लागते. 2011 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मावी प्रकरणात हे कर्ज वसूल होऊ शकतं, असा निकाल दिला. वसुली करताना स्पॉन्सरची परिस्थिती न्यायाने पाहावी, असंही बजावलं. तिथे क्रम असा आहे: म्हाताऱ्याला आधी खायला द्या, मग मुलाला बिल पाठवा.

आपल्याकडे बिल पाठवायची सोय आहेच. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा 2007 सालचा आहे. उपविभागीय अधिकाऱ्याकडे न्यायाधिकरण असतं, म्हातारी तिथे अर्ज करू शकते, मुलाला महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च द्यायचा आदेश होऊ शकतो, आणि नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे. आता दोन दरवाजे शेजारी शेजारी ठेवून पाहा. तहसीलदाराच्या दारात सरकार म्हणतं, मुलगा कमावतो म्हणून तुला योजनेचा पगार नाही. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दारात तेच महसूल खातं म्हणतं, मुलगा देत नसेल तर त्याच्यावर केस कर. पहिल्या दारातून दुसऱ्या दारात फाइल कधीच जात नाही, जावं लागतं म्हातारीला. पोटच्या पोराविरुद्ध अर्ज लिहून, तालुक्याच्या गावी खेपा घालून. तो पोरगा बागलकोटच्या फडात कोपी टाकून राहतोय आणि त्याच्या स्वतःच्या अंगावर बाकी आहे.

आपलं सरकार नातं अगदी चोख ओळखतं, पण फक्त नाकारताना. द्यायची वेळ आली की त्याला ते नातं दिसेनासं होतं.

हे आईपुरतं राहिलं असतं तर एक वेळ योजनेतली त्रुटी म्हणून सोडता आलं असतं. पण ऊसतोडीच्या धंद्यात हीच नजर उलट्या दिशेने वापरलेली दिसते. परदेशी माणसाला बोलावणारा जसा त्याचा स्पॉन्सर, तसा बीडच्या कोयत्याला बोलावणारा कोण? कारखाना. हंगामाला माणसं त्याला हवी असतात, पैसा त्याच्याकडून वाहतूकदार आणि मुकादमामार्फत खाली येतो, ऊस त्याच्या गव्हाणीत पडतो. पण जबाबदारी विचारली की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम म्हणतो मीही यांच्यासारखाच गरीब, आणि मजूर कुणाचाच नसतो. सख्ख्या आईच्या अर्जात मुलाची उचल शोधणाऱ्या व्यवस्थेला फडातल्या मजुराचा मालक सापडत नाही.

कायदा नव्हता, असंही नाही. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने मजुराला महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता द्यायचा होता आणि तो परत मागायचा नव्हता. ठेकेदाराने चुकवलं तर मूळ मालकावर जबाबदारी होती. पण हा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यालाच लागू. बीडहून बागलकोटला जाणारा कोयता त्यात बसला असता, बीडहून कोल्हापूरला जाणारा बसला नसता. ऊस तोच, कोयता तोच. प्रत्यक्षात दोघांनाही भत्ता मिळाला नाही. मिळाली ती परत फेडायची उचल. आता तो कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, आणि तिच्यात प्रवासभत्ता राहिला, विस्थापन भत्ता गळाला.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ हा त्यातल्या त्यात योग्य दिशेचा प्रयत्न आहे. कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे 10 रुपये द्यायचे आणि तितकेच सरकारने घालायचे, ही त्यामागची कल्पना. बोलावणाऱ्याच्या खिशातून बोलावलेल्यासाठी पैसा, हे तत्त्व इथे निदान मान्य झालं. मुलांसाठी 41 तालुक्यांत संत भगवानबाबांच्या नावाची 82 वसतिगृहं मंजूर झाली. पण त्या महामंडळाने गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिल्याचं मला दिसलेलं नाही. कोयता गेला की नातवंडं सांभाळणारी आजी हीसुद्धा त्या हंगामाची कामगारच आहे. ती नसती तर एवढे कोयते बाहेर पडले नसते.

नात्याच्या या मोजणीने घरं फुटतात, हा अनुभव फक्त आपला नाही. ब्रिटनमध्ये 1931 साली बेकारांच्या मदतीसाठी अख्ख्या घराचं उत्पन्न मोजायला सुरुवात झाली, तेव्हा बापाची मदत वाचावी म्हणून कमावते मुलगे घर सोडून भाड्याच्या खोलीत राहायला गेले. म्हाताऱ्या आई-बापाचा खर्च नातेवाइकांवर टाकणारा नियम तिथे 1601 पासून होता. 1948 च्या कायद्याने तो काढून टाकला. आपल्याकडे खोली भाड्याने घ्यावी लागत नाही, वेगळं रेशन कार्ड काढलं की भागतं. चूल एकच, कार्डं तीन. आई एका कार्डावर एकटी, थोरला दुसऱ्यावर, धाकटा तिसऱ्यावर. सेतू केंद्रात बसलेल्या पोराला हे सगळं पाठ असतं आणि तो सल्लाही देतो. मी याला लबाडी म्हणणार नाही. 21,000 च्या दाखल्यावर खरं उत्पन्न लिहिलं तर जगात कुणीच पात्र ठरणार नाही, हे अर्ज करणारा, सही करणारा आणि मंजूर करणारा, तिघांनाही माहीत असतं. मग दाखला खरा की खोटा याने फरक पडत नाही, तो कुणाच्या ओळखीने निघाला याने पडतो. जिला ओळख नाही आणि जी विचारल्यावर खरं बोलते, तीच बाद होते.

लाडकी बहीण योजनेने या विसंगतीवर झगझगीत उजेड टाकला. जून 2024 मध्ये आलेल्या या योजनेत 21 ते 65 वयाच्या बाईला महिना 1,500 मिळतात, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुलं. लग्न झालेल्या मुलाची कमाई धरायची नाही. आता एखादी बाई पासष्ट पूर्ण करते. लाडक्या बहिणीतून ती बाहेर पडते आणि श्रावणबाळच्या दारात जाते. रक्कम तीच, 1,500. मर्यादा मात्र अडीच लाखांवरून एकवीस हजारांवर, सुमारे बारा पटींनी खाली, आणि काल ज्या लग्न झालेल्या मुलाची कमाई मोजायची नव्हती त्याची चौकशी आज सुरू. चौसष्टाव्या वर्षी जी गरीब होती ती सहासष्टाव्या वर्षी श्रीमंत कशी झाली? तिच्या घरात काहीच बदललेलं नसतं.

या योजनेतही नातं मोजण्याची खोड सुटली नाही. 2025 मध्ये ई-केवायसी आली आणि बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं. कारण समजण्यासारखं होतं. सरकारी नोकरीतल्या बायकांनी, इतकंच काय पुरुषांनीही पैसे उचलल्याचं उघड झालं होतं, आणि 26 लाखांहून अधिक लाभार्थी संशयाच्या यादीत गेले होते. पण ज्या बाईला नवऱ्याने टाकून दिलंय, तिने त्याचं आधार आणायचं कुठून? अंबाजोगाईत शैला लोहिया यांनी ‘मनस्विनी’मधून टाकलेल्या बायकांसाठी काम उभं केलं, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. टाकलेल्या बाईला घटस्फोटाचा कागद नसतो, कुंकू असतं, नवरा दुसरं लग्न करून चाकणला नाहीतर भोसरीला राहत असतो, हे या जिल्ह्याला तेव्हापासून माहीत आहे. मुंबईत बसून पोर्टल बनवणाऱ्यांना ते 2025 मध्ये कळलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. मुलाचं उत्पन्न मोजलंच नाही तर चाळीस एकर बागायतवाल्याची आई आणि गुत्तेदाराचा बाप रांगेत पुढे उभे राहतील. आज गावोगाव तेच होतं. शिवाय आई-बापाला सांभाळणं हे मुलाचं काम आहे, सरकारने ते अंगावर घेतलं तर मुलं हात झटकतील, असंही म्हटलं जातं. पहिल्या मुद्द्याचं उत्तर असं की, कमाई मोजायचीच असेल तर ती दिसणारी मोजा. आयकर भरणारा, सरकारी पगार घेणारा, चारचाकी असलेला मुलगा सरकारच्या स्वतःच्या नोंदीत सापडतो. त्याच्या आई-बापाला वगळा, कुणी तक्रार करणार नाही. पण कोयत्यावर जाणाऱ्या, हमाली करणाऱ्या, गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलाची कल्पनेतली कमाई आईच्या नावावर चढवू नका. दुसऱ्या मुद्द्यात मुलांची काळजी कमी आणि तिजोरीची जास्त आहे. मुलाने सांभाळावं हे सरकारला खरोखर वाटत असेल, तर नामंजुरीच्या पत्रासोबत मुलाला नोटीस जायला हवी. ती जात नाही, म्हणजे सरकारला आईला द्यायचं नाही, एवढंच त्यातून ठरतं.

माझं म्हणणं सरकारी भाषेतच मांडतो, म्हणजे फाइलवर चढवायला सोपं जाईल. चौकशी अहवालात ‘मुलगे किती’ या रकान्याशेजारी ‘मुलगे महिन्याला काय देतात’ हा रकाना घाला. उत्तर शून्य असेल तर पगार मंजूर करा. मुलगा ऐपतदार असून देत नसेल तर तो अर्ज महसूल खात्यानेच, म्हातारीला न फिरवता, निर्वाह न्यायाधिकरणाकडे पाठवावा आणि दिलेला पगार मुलाकडून वसूल करावा. श्रावणबाळची मर्यादा आणि कुटुंबाची व्याख्या लाडक्या बहिणीइतकीच करा. पासष्टाव्या वाढदिवसाला बाई श्रीमंत होत नाही. मुकादमाचा करार तहसीलमध्ये नोंदवला जाऊ द्या, त्यात कारखान्याचं नाव येऊ द्या, आणि उचल ही कर्ज म्हणून लिहा. टनामागच्या दहा रुपयांतला काही वाटा मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी ठेवा.

बीड जिल्ह्यातून सहा आमदार विधानसभेत जातात: गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी. ऊसतोड्यांच्या मतांवाचून यांतला एकही सहज निवडून येत नाही. त्यांच्यापैकी कुणीतरी पुढच्या अधिवेशनात दोन ओळींचा तारांकित प्रश्न विचारावा. मुलगा कमावता असल्याच्या कारणाने गेल्या वर्षी जिल्ह्यात निराधार आणि श्रावणबाळचे किती अर्ज नामंजूर झाले, आणि त्यांपैकी किती मुलांकडून महसूल खात्याने आईला पैसे मिळवून दिले?